एकाच ढिगातल्या तीन पिशव्या

मी करमाडजवळच्या एका गावातला. भूशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि समुद्रात तेल शोधणाऱ्या रिगवर नोकरीला लागलो, तेव्हा एक चुलते म्हणाले होते, "आपल्याकडं बोअरला पाणी लागंना आन् हा समुद्रातून तेल काढणार व्हय!" नोकरी चांगली निघाली. महिनाभर समुद्रात, महिनाभर घरी. तिच्यावर शहरात घर झालं, दोन्ही मुलींची शिक्षणं झाली. आज मी लिहायला बसलोय ते मात्र तिचे उपकार मानायला नाही.

माझं काम आधी सांगतो. समुद्राच्या तळाखाली विहीर खोदताना नळातून मुद्दाम कालवलेला चिखल खाली सोडतात. तो वर येताना फुटलेल्या खडकाचा चुरा घेऊन येतो आणि हलत्या चाळणीवर पडतो. चिखल खाली गळतो, चुरा वर राहतो. दर पाच मीटरला त्यातला मूठभर चुरा उचलायचा, धुवायचा, कापडी पिशवीत भरून वर खोली लिहायची आणि थोडा ताटलीत घालून भूवैज्ञानिकापुढे ठेवायचा. तळाशी काय आहे ते कुणालाच दिसत नाही. दिसतो तो एवढा चुरा, तोही एकदाच. चाळणीवरून घसरला की समुद्रात गेला.

आमचे भूवैज्ञानिक रत्नागिरीकडचे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "काय मराठवाडा, पोहता येतं का?"

"विहिरीत येतं, सर."

"मग झालं. ही पण विहीरच आहे, जरा खोल."

पुढे त्यांनी माझं नावच मराठवाडा करून टाकलं. मातीच्या चुऱ्यातून वाळूचा कण वेगळा कसा ओळखायचा, हे त्यांनीच मला शिकवलं. वायू सापडला तर अशा वाळूत सापडतो.

ती विहीर पावसाळ्याच्या आत संपवायची होती. समुद्र खवळायच्या आधी रिग हलवावी लागते आणि तिचा एकेक दिवस इतका महाग असतो, की सगळ्यांचं लक्ष कॅलेंडरवर होतं. रिगवर बोलायला एकच सॅटेलाइट फोन. प्रत्येकाला दहा मिनिटं, ठरलेल्या पाळीनं. माझी पाळी दुपारी तीनची. दुसऱ्या दिवशी घराचा स्लॅब पडणार होता आणि मला बायकोशी त्याचंच बोलायचं होतं. नेमकं तेव्हाच खोदकाम एकदम वेगानं व्हायला लागलं. याचा अर्थ मला कळत होता. खाली मऊ थर लागलाय, कदाचित वाळूचा. अशा वेळी चाळणी सोडायची नसते.

मी फोनवर गेलो.

परत आलो तोवर तीन नमुन्यांची वेळ टळून गेली होती. चाळणीच्या कडेला जुन्या चुऱ्याचा ढीग साचला होता. त्याच ढिगातून मी तीन पिशव्या भरल्या, त्यांच्यावर खोलीचे तीन वेगवेगळे आकडे लिहिले, तीन ताटल्या सरांपुढे ठेवल्या. हे रिगवर कधीमधी बरेचजण करत. चुरा एकसारखा लागत असला की कुणाला कळायचं नाही.

सरांनी बराच वेळ पाहिलं. चिखलातला वायू मोजणाऱ्या यंत्राचा काटा थोडा उठला होता, म्हणून त्यांनी विचारलं, "वेळेवर उचललास ना रे?"

"हो, सर."

त्यांनी अहवालात लिहिलं : माती, वाळू नाही. नंतर विहिरीत थर तपासणारी यंत्रं सोडली तेव्हा तेवढ्याच मीटरांत थोडी शंका आली. किनाऱ्यावरच्या कार्यालयानं सरांना विचारलं. ते म्हणाले, "मी स्वतः पाहिलंय. वाळू नाही." विहिरीत सिमेंट ओतून ती बंद केली.

काही वर्षांनी शेजारच्याच विहिरीत त्याच थरात वायू लागला. जुन्या पिशव्या शोधल्या तर त्या गोदामात भिजून सडल्या होत्या. उरला सरांच्या सहीचा अहवाल. त्यांना कार्यालयात बसवलं, पुन्हा समुद्रावर पाठवलं नाही. निरोपाच्या चहाला ते म्हणाले, "वय झालं. डोळे फसले." मी कप हातात धरून तिथंच उभा होतो.

यंदा हिवाळ्यात त्यांचा फोन आला. "मराठवाडा, निवृत्त झालो. आता वेरूळ दाखव." पत्नीला घेऊन आले. मी गाडी काढली, घरी जेवणाची तयारी करायला सांगितली.

लेण्यात कातळाच्या थरांमधली एक पट्टी दाखवून त्यांनी पत्नीला विचारलं, "ही लालच आहे ना गं?"

"लालच आहे," त्या हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. "यांचं हे असंच आहे हो. तांदळातला खडासुद्धा मला दाखवून घेतात. डोळ्यांचे चार डॉक्टर झाले. चौघंही म्हणतात, नजर उत्तम आहे."

मग त्या घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेल्या. आम्ही दोघं बाहेर झाडाखाली बसलो. मी सगळं सांगितलं. फोन, स्लॅब, ढीग, "हो, सर."

त्यांनी समोरची चिमूटभर माती उचलून बोटांत चोळली. मग म्हणाले, "चाळणीवर तेव्हा काय होतं?"

"माहीत नाही. मी नव्हतोच."

"वाळू असेल."

"असेल. नसेलही."

"ती ताटली मी अजून रोज बघतो," ते म्हणाले. "डोळे मिटले तरी बघतो. रोज मातीच दिसते. मला वाटायचं, आता आठवणीतसुद्धा मला चुकीचं दिसायला लागलं."

"ती मातीच होती, सर."

त्यांनी खिशातून डायरी काढली, एक पान फाडलं. "लिही."

मी लिहायला लागलो. 'वेळ न मिळाल्यामुळे' इथवर आलो तर त्यांनी पेन काढून घेतलं आणि ते शब्द खोडले. "वेळ होता. तू फोनवर होतास. तसं लिही." मी तसं लिहिलं. खाली सही केली.

पत्नी प्रसाद घेऊन आल्या. आधी माझ्या हातावर ठेवला. "काय लिहिणं चाललंय?"

"जुना रिपोर्ट. दुरुस्त करून घेतला." मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "जेवायला नको आज. स्टेशनवर सोड."

"अहो, त्यांच्या घरी स्वयंपाक झाला असेल!"

"गाडीत सांगतो."

येताना ते पुढं माझ्याशेजारी बसले होते. जाताना पत्नीबरोबर मागं बसले. घाट सुरू झाला तसं त्यांनी तो कागद उघडला आणि एकसारख्या आवाजात, पहिल्या ओळीपासून, पत्नीला वाचून दाखवला. आरशात मला त्यांच्या पत्नीचा चेहरा दिसत होता. त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी आरसा हलवला नाही.