बांधापलीकडचा लगतधारक

"साहेब, तुमच्या या रेषेची जाडी किती?"

नारायण गुरुजींनी विचारलं तेव्हा मी खापरखेड्याजवळ त्यांच्या बांधावर रोव्हर धरून उभा होतो. मी भूकरमापक, म्हणजे सरकारी जमीन मोजणारा. रोव्हर ही काठीवर बसवलेली मशीन. ती उपग्रहांना विचारून जागा सांगते. बायको सध्या लेकीकडे पुण्याला असते. फोनवर म्हणते, जगाच्या हद्दी शोधता, स्वतःचा चष्मा शोधता येत नाही.

याच बांधाची ही तिसरी मोजणी. पलीकडे गुरुजींचा धाकटा भाऊ, वामन. वाटणीपासून दोघांत बोलणं नाही.

"दोनदा मोजून वीतभर फरक निघाला नाही," ऑफिसात साहेब म्हणाले होते. "त्या मास्तरचं एकदाचं मिटवून ये."

मी मिटवायलाच गेलो होतो.

"दोन सेंटीमीटरपर्यंत पक्की आहे, गुरुजी. आता परत मोजायची गरजच नाही."

गुरुजींचा चेहरा उतरला. मला वाटलं, ऊन लागलं.

"दोनाचं अर्धं एक," ते म्हणाले. "त्याचं अर्धं. त्याचंही अर्धं. हे कुठं थांबते?"

"मशीन दोनवर थांबते."

"मशीन थांबते. जागा थांबते का?" जन्मभर विज्ञान शिकवलेला माणूस. "बरं, विश्वाले हद्द आहे का?"

मीही शहाणपणा केला. "असेल तर लगतधारक लागेल. नोटीस कोणाला पाठवू?"

लगतधारक म्हणजे शेजारच्या जमिनीचा मालक. मोजणीआधी त्याला नोटीस जाते. त्यानं बांधावर यायचं, शेवटी अर्जदारासोबत सही करायची.

"आन् हद्द नसली तं?"

"मग पलीकडे कोणीच नाही. नोटीसच नको."

गुरुजी पलीकडे उभ्या वामनकडे बघत राहिले. "मग तं लयच सुनं," एवढंच म्हणाले.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. गुरुजींचा पहिला अर्ज आला तो त्यांची बायको गेली त्या वर्षी. तीन अर्ज, तीन नोटिसा. तीनदा वामन येऊन दहा पावलांवर उभा राहिला होता. आणि मी आत्ताच सांगून बसलो होतो, परत गरज नाही.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. "दादा, काहून उन्हात शाळा घेऊन राहिला गा? सही कर, जाऊ दे साहेबाले!"

गुरुजींनी लगेच सही केली.

मी रिपोर्टात लिहिलं, 'हद्द निर्विवाद.' साहेब खूश. मला त्या दिवशी डबा गेला नाही.

दिवाळीनंतर त्याच बांधाचा अर्ज पुन्हा टेबलावर.

"मास्तर ऐकत नाही का रे?" साहेब करवादले.

"मास्तर नाही, सर. अर्जदार वामन आहे. कारण लिहिलंय, बांधाबाबत शंका."

गुरुजींची नोटीस मी स्वतः नेऊन दिली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. मोजणीला रोव्हर नेला, पण दोन सेंटीमीटरचं नाव काढलं नाही.

या नोकरीत एवढंच शिकलो की मोजणी पक्की झाली हे सगळ्यांनाच सांगू नये. बाकी, शहरात सक्करदऱ्याला माझ्या फ्लॅटच्या भिंतीपलीकडे कोण राहतं, ते मला अजून ठाऊक नाही. भिंत नऊ इंची आहे. मोजलीय.