आतल्या पानावरची आक्का

तुरुंगातल्या महिला विभागात मी दर आठवड्याला वर्तमानपत्रं घेऊन जाते. सुरुवातीला मोठ्या शहरांतले पेपर नेले, तर बायकांनी ते नुसते चाळले. मग कमळाबाई हळूच म्हणाल्या, "ताई, आमच्या तालुक्याचा पेपर न्हाई का मिळत?"

तो नेला. आतल्या पानावर एका पुलाच्या उद्घाटनाचा फोटो होता. घरी आपण अशी बातमी न वाचताच पान उलटतो. कमळाबाईंनी मात्र फीत कापणाऱ्या पुढाऱ्यावरून बोट सरकवत मागच्या गर्दीवर टेकवलं आणि त्या ओरडल्याच, "अगं बाई, ही आमची आक्का!"

सगळ्या गोळा झाल्या. "बहीण व्हय? वाळलीय की," एक म्हणाली. "पण लुगडं नवं नेसलीय," दुसरी म्हणाली. गलका ऐकून पहाऱ्यावरच्या बाई रागानं आल्या आणि फोटो बघत त्यांच्यातच बसल्या.

कमळाबाई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. "पूल झाला म्हंजी आता गावात एसटी येणार." आक्काचे गुडघे गेल्यापासून तिला नदी उतरून येणं जमत नव्हतं, त्यामुळे बहिणींची भेटच खुंटली होती.

गावात काय चाललंय हे कळत राहिलं, की माणूस भिंतीआडूनही गावचाच राहतो, असं तेव्हा वाटून गेलं.

पुढे एकदा मी पेपर उघडू लागले, तर कमळाबाईंनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या ताई. आधी माझी बातमी ऐका. आक्का येऊन गेली!"