बहिणीचा वाटा

दर रविवारी दुपारी हुलिता तिच्या आत्याच्या ओसरीवर नारळाच्या झावळीची टोपली ठेवायची आणि म्हणायची, "बाबांकडून." टोपलीत काय आहे ते सांगायची पद्धत नाही, आणि देणाऱ्यासमोर उघडून बघायचीही नाही. आत्या, तिचं नाव लोसालीने, बसल्या जागेवरून आभार मानायची, "मालो. मागच्या रविवारी पोटभर जेवले म्हणून सांग भावाला." हुलिता मान डोलवून निघून जायची. असं एकोणीस वर्षं चाललं होतं, आणि एकोणीस वर्षं ते धादांत खोटं होतं.

टोपलीत डुकराच्या पाठीचा तुकडा असायचा. टोंगातल्या आमच्या फोआ बेटावर भावाच्या उमूतला, म्हणजे जमिनीतल्या भट्टीतला, पहिला आणि चांगला वाटा बहिणीचा. बहीण मोठी, भाऊ धाकटा मानायचा, मग वयाने कोणी का असेना. आणि लोसालीने डुक्कर खात नव्हती. तिचा नवरा अहोफिटूंचा, म्हणजे सातव्या दिवसाच्या पंथाचा. लग्नाआधी तिने त्यांचा बाप्तिस्मा घेतला, आणि बायबलातल्या लेवीयच्या पुस्तकात जे जे वर्ज्य ते ते सोडलं. डुक्कर गेलं, खेकडे गेले, शिंपल्या गेल्या. खवले आणि पर असलेला मासा तेवढा राहिला. पाच वर्षांत नवराही गेला. मूलबाळ नाही. ती माहेरच्या गावी परतली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, चला, सुटली एकदाची. शेजारीण फाने तर तोंडावर म्हणाली, "अगं, ज्याच्यासाठी सोडलंस तोच राहिला नाही. आता खा की मुकाट्याने!"

"शब्द त्याला नव्हता दिला," लोसालीने म्हणाली.

आमच्या लोकांना हे कधी पचलं नाही. बरं, दुसरीकडचे अहोफिटू शनिवार पाळतात म्हणे. आमच्या टोंगात तेही रविवारीच देवळात जातात. मग गावातले बाकीचे, वेस्लियन पंथाचे लोक चेष्टा करायचे, "दिवस आमचाच, देव आमचाच, भांडण तेवढं डुकराशी!" लोसालीने हसायची. पण शेजारच्या बेटावरच्या पांगाई गावातल्या तिच्या देवळातून मालट्रकच्या मागे बसून ती परत यायची, तेव्हा घराघरातून उमू उघडल्याचा वास सुटलेला असायचा. तिच्या तोंडाला पाणी सुटायचं, खोटं कशाला बोला! देवाला खरंच एवढं पडलंय का कोणी काय खाल्लं त्याचं, हा प्रश्न तिलाही पडायचा. पण हे सोडलं तर आपल्याकडे दुसरं उरलंय काय, असंही तिला वाटायचं.

सगळ्यात वाईट वाटायचं ते ओहोटीला. बायका टोपल्या घेऊन खडकावर जायच्या, शिंपल्या काढायच्या, ऑक्टोपस पकडायच्या, आणि नवऱ्यांची यथेच्छ उणीदुणी काढायच्या. लग्नाआधी लोसालीनेसारखा ऑक्टोपस गावात कोणी काढत नव्हतं. आता ती किनाऱ्यावर चटई विणत बसायची. हसण्याचे आवाज यायचे, शब्द ऐकू यायचे नाहीत. सुरुवातीला बायका हाका मारायच्या. मग कोणी हाक मारेना.

आणि जेवण. आमच्याकडे एकट्याने जेवणारं माणूस म्हणजे एक तर आजारी नाही तर कंजूस. लोसालीने रोज एकटी जेवायची. भावाकडची टोपली तिच्या काय कामाची? अळूच्या पानातल्या पुरचुंड्या जरी वेगळ्या असल्या, तरी सगळं एकाच भट्टीत, वरून डुकराची चरबी ठिबकलेली. म्हणून ती टोपली जशीच्या तशी कुंपणावरून फानेला द्यायची आणि स्वतः उकडलेला कंद डब्यातल्या माशाबरोबर खायची. परत पाठवावी, तर भावाचं नाक कापल्यासारखं होईल. 'मी खात नाही' असं तोंडाने सांगावं, तर भावाबहिणीत इतकं मोकळं बोलतंय कोण? भाऊ, त्याचं नाव किटिओने, तिच्या घरात पाऊल टाकत नव्हता, ती त्याच्या. मर्यादाच तशी.

बोलणं व्हायचं ते लाउडस्पीकरवरून. किटिओने वेस्लियन देवळात उपदेश करायचा. वर्षातून दोनदा तरी तो बायबलातल्या पेत्राच्या दृष्टान्तावर यायचा. आकाशातून चादर उतरते, तिच्यात सगळे पशू, वर्ज्य मानलेलेसुद्धा, आणि वाणी होते, ऊठ, मार आणि खा! कर्ण्याचं तोंड लोसालीनेच्या घराकडे. हा उपदेश कोणासाठी आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"आणि पेत्राने खाल्लं का पण?" लोसालीने ओसरीवरून करवादायची. "तीनदा वाणी झाली, तीनदा नाही म्हणाला! खाल्लं असं कुठे लिहिलंय ते दाखव म्हणावं."

फाने पाठीचा तुकडा चघळत म्हणायची, "सांगते हं त्याला." आणि खरंच सांगायची. पुढच्या खेपेला किटिओने कर्ण्यावरून त्याचं उत्तर द्यायचा. एवढाच काय तो दोघांचा संवाद, आणि लोसालीने त्याची वाट बघायची.

मग साखरेच्या आजारात किटिओनेचा पाय गेला. त्याआधी शेवटचा उपदेश केला तो पौलाच्या पत्रावर. तुझ्या खाण्याने भावाचं मन दुखत असेल, तर तुझ्यात प्रीती राहिली नाही. ते ऐकून लोसालीने तडकली. "म्हणजे मीच त्याचं मन दुखवते? वा रे वा!" त्यानंतर किती दिवस तिने आलेल्या टोपलीकडे धड पाहिलंही नाही. आली की उचलायची, कुंपणावरून द्यायची. तोंडाने मात्र तेच. मालो, मागच्या रविवारी पोटभर जेवले.

दोन महिन्यांनी किटिओने गेला.

बहीण म्हणून लोसालीने मृताच्या उशाशी बसली. तिच्या भावजयीला, पोरांना स्वयंपाकाच्या धुरात राबायचं होतं, तिला फक्त बसायचं होतं. दफन झालं. मग दुपारी मागच्या अंगणात वाटे लावायला घेतले, आणि सगळ्यांत मोठं डुक्कर उचलून लोसालीनेपुढे ठेवलं. आता हेही शेवटी फानेकडेच जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. फाने शेजारीच होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, तरी जीभ कुठली गप्प बसायला!

"चला, आज बाई डुकराचं दर्शन झालं," ती हुलिताला म्हणाली. "शेवटचे तीन रविवार नुसता मासा पाठवलात. आजारपणात होतं असं, मी काही बोलले नाही. पण खवले तरी काढायचे होते! नारळाच्या दुधात शिजवलेला एवढा मोठा बोईट, आणि प्रत्येक घासाला तोंडात खवले. थुंकून थुंकून जीव गेला माझा."

हुलिताच्या हातातलं पान खाली पडलं. तिने आधी फानेकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"तुम्ही नाही खाल्लं, आत्या?"

लोसालीनेला कळायला लागलं होतं, आणि कळू नये असं वाटत होतं.

"बाबांनी वेगळा खड्डा खणायला लावला," हुलिता म्हणाली. "तिकडे, लिंबाच्या पलीकडे. दगडसुद्धा नवे, समुद्रावरून आणलेले. जुन्या दगडांना चरबी लागलेली असते म्हणाले. खवले काढायचे नाहीत, पर कापायचे नाहीत. आत्याला दिसले पाहिजेत, म्हणाले. मीठ स्वतः लावायचे, अंथरुणात बसून. मी म्हटलं, आत्याला सांगू का? तर म्हणाले, तोंडाने नाही सांगायचं, उघडल्यावर कळू दे."

"मग?" लोसालीनेने कसंबसं विचारलं.

"मी परत आले की विचारायचे, काय म्हणाली? मी सांगायचे, मागच्या रविवारी पोटभर जेवले म्हणाल्या. अजून काही? अजून काही नाही." हुलिता आता रडत होती. "तिसऱ्या वेळी म्हणाले, अजून रागावलीय. तिचा हक्कच आहे तो."

फानेने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! मला काय ठाऊक! मला वाटलं, मासा आहे म्हणून सांगितलं, तर तू ठेवून घेशील. म्हणून नाही बोलले गं. हावरट मेली मी, दुसरं काय!"

लोसालीने उठली. आजच्या दिवशी तिने जागचं हलायचं नव्हतं, पण तिला अडवणार कोण? सुतकात कमरेला गुंडाळलेली चटई सावरत ती लिंबापलीकडे गेली. खड्डा लहानसा होता, एका माणसापुरता. दगड अजून आतच होते, तीनदा तापून काळे पडलेले. पौलाचं ते वचन किटिओनेने स्वतःलाच ऐकवलं होतं, हे तिला तिथे कळलं. तिथून तशीच फानेच्या घरामागे, फणसाच्या झाडाखाली गेली, कारण फाने जेवायची ती तिथे. फाने धापा टाकत मागून आली.

"कुठे थुंकलीस?"

"इथेच कुठेतरी. पण लोसालीने, आता काय सापडणार? डुकरं फिरतात इथे."

गावातली एक डुकरीण पिलांना घेऊन तिथेच माती उकरत होती. सगळी जमीन नांगरल्यागत झाली होती. लोसालीने चांगल्या चटईसकट गुडघ्यांवर बसली आणि बोटांनी माती चाळू लागली. डुकरीण जरा सरकली, पुन्हा उकरू लागली. एकही खवला मिळाला नाही.

फाने तिच्याशेजारी मातीत बसली. एकोणीस वर्षं कुंपणाच्या दोन बाजूंना जेवलेल्या त्या दोघी आता एकाच जागी माती चाळत राहिल्या.

"चव कशी होती गं?" शेवटी लोसालीनेने विचारलं.

फानेने नाक पुसलं. खोटं बोलावं की काय, असं क्षणभर तिच्या मनात आलं असावं.

"चांगली होती. दूध दाट होतं," ती म्हणाली. "मीठ जरा जास्त होतं."

"त्याला लहानपणापासून जास्तच लागायचं," लोसालीने म्हणाली, आणि भाऊ गेल्यापासून जे रडू आलं नव्हतं ते आता आलं.