कुटाराचं विरजण

सासूबाईंचं आणि बुरशीचं जन्माचं वैर. लोणच्याच्या बरणीवर पांढरा ठिपका दिसला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. पापड असोत, डाळ असो, बुरा दिसला की सगळं उन्हात. त्यामुळं सोयाबीन मळून उरलेल्या भुशाच्या, म्हणजे कुटाराच्या ढिगावर मी मुद्दाम बुरशी चढवतेय, हे त्यांना सांगायची माझी काही छाती झाली नाही.

खरं तर सगळी खटपट त्यांच्यासाठीच होती. सोयाबीन निघालं की आमच्या केनवडकडच्या शिवारात जो तो कुटार पेटवतो, आणि त्या धुरानं त्यांचा दमा उसळतो. आदल्या दिवाळीत त्यांना धापा टाकत वाशिमच्या दवाखान्यात न्यावं लागलं होतं. निळे पडलेले ओठ बघून मी आधी घाबरले, मग भडकले. घरी येऊन नवऱ्याला बजावलं, यापुढं आपल्या वावरात काडी ओढायची नाही. तो म्हणाला, मग काय कुटार डोक्यावर घेऊन फिरू? परतीच्या पावसात भिजलेल्या त्या कुटाराला जनावरंही तोंड लावत नव्हती, हे खरंच होतं.

पुढच्या सुगीला मी शेतीच्या शिबिरात ऐकलेला उपाय धरला. बुरशीची पावडर गुळाच्या पाण्यात कालवली. कुटाराचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर ते पाणी, पुन्हा कुटार, असा ढीग रचून ओल्या पोत्यांनी झाकला. काही दिवसांनी पोतं उचललं तर आत पांढरं जाळं पसरलेलं! हात घातला तर चक्क ऊब. मला इतका आनंद झाला की घरी जाऊन उगाचच शिरा केला.

मग दोन दिवस माहेरी गेले. परत येऊन बघते तर ढीग गायब. सगळं कुटार बांधाकडेला ऐसपैस पसरून कडकडीत वाळलेलं, आणि दाताळ्याला टेकून सासूबाई घाम पुसतायत. मोठ्या कौतुकानं म्हणाल्या, सगळं नासून चाललं होतं, मी पाहिलं म्हणून वाचलं.

मी जे बोलले ते लिहिण्याजोगं नाही. त्याही काही कमी नाहीत. मग आम्ही दोघी एकाच चुलीपाशी मुक्यानं स्वयंपाक करू लागलो. शेवटी दुधाला विरजण लावताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भांडं त्यांच्यापुढं धरलं आणि म्हटलं, तुम्ही उन्हात वाळवलंत ते ढिगाचं विरजण होतं. त्यांनी भांड्यात पाहिलं, मग माझ्याकडं.

"मंग हे आदी सांगाचं नाई काय वं?"

त्यानंतर ढीग माझा राहिलाच नाही. नव्यानं रचला तो त्यांनीच. पाणी कमी पडलं की बोलणी मला. हिवाळा सरताना कुटार काळंभोर, भुसभुशीत झालं होतं, आणि सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला मूठभर हुंगायला देत होत्या.

पण आमचं घर वावरातच, आणि वारा येतो तो पश्चिमेकडच्या शेजाऱ्याच्या शेतावरून. त्याच्याशी बांधावरून भांडण झालं तेव्हापासून बोलणं बंद. त्याची तूर निघाली, पालापाचोळ्याचा मोठा ढीग लागला. तो पेटवणार हे दिसतच होतं. नवऱ्याला म्हटलं, जाऊन सांग. तो अडून बसला. तेवढ्यात सासूबाईंनी खताचं घमेलं भरलं, कमरेवर घेतलं आणि बांध ओलांडून चालू लागल्या. मी मागून धावले.

त्यांनी घमेलं त्याच्या ढिगापाशी ठेवलं, पण दम लागून बोलताच येईना. त्याच्या हातात काडेपेटी होती.

"हे विरजण हाय," त्या कशाबशा म्हणाल्या. "ढिगाले लाव. धूर झाला का मले श्वास घेता येत नाई, बाप्पा."

"काकू, इतके वरसं सांगतलं काहून नाई?"

"तू बोलत होता काय आमच्यासंगं?"

त्यानं मान खाली घातली. काडेपेटी खिशात गेली. बांधावर ठेवलेली पाण्याची बाटली आणून त्यानं त्यांच्या हातात दिली. मग मला विचारलं, ढिगाला पाणी किती लागतं? मी तोंड उघडायच्या आत सासूबाईच सांगू लागल्या, मधेमधे थांबत, दम घेत, पार पहिल्या थरापासून.