तो परत आला, जेवला आणि झोपला

मुलगी सहा वर्षांची असताना बँकेने माझी बदली बहराइचला केली. सोमवारी पहाटे निघायचं आणि शनिवारी संध्याकाळी लखनौला, जानकीपुरमच्या घरी यायचं. हाती एक रविवार उरायचा. त्यातली सकाळ गिरणी, भाजी आणि आठवड्याच्या इस्त्रीत जायची. दुपारी जेवणं झाली की मी आणि मुलगी सतरंजीवर बसून काळातल्या प्रवासाचे जुने इंग्रजी सिनेमे बघायचो.

मला ते कॉलेजपासून आवडत. त्यातली यंत्रं बघून आज हसू येतं. पितळी दांडे, चक्रं, लुकलुकणारे दिवे आणि मध्ये दाढी करायच्या खुर्चीसारखी एक खुर्ची. पण माणूस खुर्चीत बसतो, दांड्यावर हात ठेवतो आणि ओढण्याआधी एकदा खोलीकडे बघून घेतो, तो क्षण माझ्यासाठी कधीच शिळा झाला नाही.

मुलीला इंग्रजी येत नव्हतं. म्हणून मी सिनेमा चालू असताना शेजारी बसून सगळं मराठीत सांगायचो. "आता बघ हं, हा काय करतोय. गेला बघ मागे. आता त्याला तोच भेटणार, लहानपणीचा." ती पडद्याकडे कमी आणि माझ्या तोंडाकडे जास्त बघायची. शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, आईसुद्धा भाजीवाल्या भैयाशी बोलता बोलता तिच्याशी हिंदीत सुरू व्हायची. सलग दोन तास मराठी तिच्या कानावर पडायची ती त्या सतरंजीवरच.

त्यात एक घड्याळजीचा सिनेमा होता. भावाची गाडी सुटण्याआधी स्टेशनवर पोचता यावं म्हणून तो मागे जातो आणि तिकडेच अडकतो. शेवटी इकडे त्याची मुलगी त्याचं ताट वाढून झाकून ठेवते आणि पडदा काळा होतो. त्या दिवशी रविवार संपत आला होता आणि माझी बॅग दाराशी भरून ठेवली होती. मुलीने विचारलं, "मग? तो आला?" मी टीव्ही बंद केला आणि म्हणालो, "आला ना. तो परत आला, जेवला आणि झोपला."

पुढे हे वाक्य मी कितीतरी सिनेमांना लावलं. जो परत येत नसे त्याला मी परत आणत असे. चार वर्षांनी माझी बदली परत लखनौला झाली, मुलगी इंग्रजी शिकली, मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तर देऊ लागली. तरी रविवार दुपारची जागा माझी होती. ते सिनेमे आम्ही पुन्हा बघत असू, शेवटाआधी मी चहाला उठत असे आणि तीही उठत असे. ते कसं जमून गेलं, मलाही सांगता येणार नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहायला आले. हवाई दलातून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. बायको वारलेली, मुलगा परदेशात. नोकरीची शेवटची वर्षं इथे गेली म्हणून इथेच राहिले. जिन्यात आमचं मराठी ऐकून त्यांनी दार उघडलं आणि म्हणाले, "अहो, माणसं आहेत की वर!" त्या दिवसापासून ते आमचे खालचे काका झाले.

काकांनी नोकरीभर गावोगाव फिरताना जुने सिनेमे जमवले होते. हे कळल्यावर मुलगी एका रविवारी खाली गेली आणि चार तासांनी वर आली, ती कॅलेंडरचं एक फाडलेलं पान घेऊन. पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूला पट्टीने एक आडवी रेघ मारलेली होती. रेघेवर लाल पेनाने बाण होते, काही मागे जाणारे, काही पुढे येणारे.

"काका पिक्चर रोकते हैं," ती आईला सांगत होती. "जब भी कोई जंप करता है, तब रोकते हैं, और मैं ऐरो बनाती हूँ. बीच में कोई बोलता नहीं." मग माझ्याकडे वळून हसत म्हणाली, "और बाबा, वो घड़ीवाला वापस नहीं आता!"

"अच्छा?" मी म्हणालो.

"आपने दस साल से झूठ बोला है. काका पूरा दिखाते हैं."

ती थट्टा करत होती. बायकोही हसली. मीही हसलो. पण ते 'पूरा दिखाते हैं' माझ्या आत जाऊन बसलं आणि तिथून हललं नाही.

पुढे दर रविवारी ती खाली जाऊ लागली. मलाही बोलावणं असायचं. दोनदा गेलो. पण मला बोलल्याशिवाय सिनेमा बघता येत नाही. मी "आता बघ हं" म्हटलं की काका हसून बोट ओठांवर ठेवायचे आणि मुलगी "बाबा, प्लीज़" म्हणायची. तिसऱ्यांदा मी गेलो नाही. वर बसून खालचे आवाज ऐकायचो. सिनेमा थांबला की कळायचं, कारण त्या दोघांचा वाद सुरू व्हायचा. "अगं पोरी, तो गेलाच नाही तर यंत्र बनवलं कुणी?" "वही तो काका, वही तो!" कॅलेंडरची पानं तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटत गेली. मी रोज ऑफिसला निघताना ती मोजायचो. पन्नाशीचा माणूस मी, आणि एका म्हाताऱ्याच्या बाणांवर जळत होतो.

बायकोच्या लक्षात आलं होतं. एकदा म्हणाली, "अहो, जा ना खाली. नाक कशाला वर करून बसलात?"

"झोप येतेय मला."

"येतेय ना? मग झोपा. खिडकीत कान लावून कुणी झोपत नाही."

या वर्षी एका गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातून येताना काका जिन्यात भेटले. कठड्याला धरून उभे होते.

"साहेब, रविवारी पोरीला नक्की पाठवा," ते म्हणाले. "एक सिनेमा मिळालाय. वीस वर्षं शोधत होतो. एका जुन्या मित्राने पाठवला. आणि सोमवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. आतल्या पडद्याला भोक पडलंय म्हणे. नंतर किती दिसेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. त्याआधी एकदा बघून घेतो तिच्यासोबत. तिला फोन करत नाही मुद्दाम, सिनेमाचं नाव तोंडातून निघून जाईल. तुम्ही फक्त ये म्हणून सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

मी सांगितलं नाही. गुरुवारी विसरलो असं स्वतःला पटवता आलं असतं, पण शुक्रवारी आठवण होती आणि शनिवारीही होती. रविवारी जेवणं झाल्यावर मुलगी चप्पल घालत होती तेव्हा मी म्हणालो, "काकांना बरं नाहीये. उद्या छोटंसं ऑपरेशन आहे, आराम करतायत. काही दिवस त्रास नको देऊस." तिने चप्पल काढली. मी खाली गेलो, काकांचं दार वाजवलं आणि उभ्या उभ्या म्हणालो, "तिची परीक्षा आहे हो." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पुढे मीच बोललो, "आणि खरं सांगू का, आता तिला जरा कंटाळाही येतो. वय आहे."

आत टीपॉयवर कॅलेंडरचं पान ठेवलेलं दिसत होतं, रेघ मारलेली. त्यावर लाल पेन.

"अच्छा," काका म्हणाले. "बरोबर आहे. मोठी झाली."

वर येऊन मी मुलीला म्हणालो, चल, आपण बघू एखादा. सतरंजी घातली. मी सिनेमा लावला आणि बोलू लागलो. ती शेजारी बसून फोन बघत होती. अर्ध्या तासाने मी गप्प झालो, तेही तिला कळलं नाही. खालून काहीच आवाज येत नव्हता. त्यांनी तो सिनेमा एकट्याने लावला नाही.

ऑपरेशननंतर काकांना दोन आठवडे मान खाली घालून बसायला आणि पालथं झोपायला सांगितलं होतं. बायको त्यांचा डबा घेऊन जायची. ऑपरेशनच्या पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी ती डबा देऊन वर आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"कुठली परीक्षा?"

मी पेपर वाचत होतो.

"विचारतेय मी. कुठली परीक्षा होती तिची? आणि कंटाळा कुणाला आला? तो माणूस मला विचारतो, वहिनी, माझं काही चुकलं का पोरीशी बोलताना. मी काय सांगू त्यांना?"

मी पेपरचं पान उलटलं.

"मी तिला सांगणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगायचं. शनिवारपर्यंत."

काळात मागे जाणाऱ्यांचे एवढे सिनेमे बघितलेला मी, त्या चार दिवसांत सारखा त्या गुरुवारच्या जिन्यात जाऊन उभा राहत होतो. फार काही बदलायचं नव्हतं, वर येऊन एक निरोप द्यायचा होता. पण खरं लिहायचं तर, प्रत्येक वेळी मी जिना चढून वर यायचो, मुलगी टेबलाशी बसलेली दिसायची, भिंतीवरची पानं दिसायची, आणि मी तिथेही गप्पच राहायचो.

शनिवारी संध्याकाळी अलीगंजच्या ट्यूशनवरून तिला स्कूटरवर आणताना मी सांगितलं. ती मागे बसलेली असते, तोंड दिसत नाही, म्हणून ती जागा निवडली. हेही भित्रेपणाचंच. निरोप, परीक्षा, कंटाळा, सगळं सांगितलं.

"गाड़ी रोकिए."

मी थांबवली. ती उतरली आणि फुटपाथवरून चालू लागली. मी पाय टेकत टेकत तिच्या बाजूने स्कूटर नेत होतो. मागून हॉर्न वाजत होते.

"बस ना ग."

"दो संडे," ती पुढे बघत म्हणाली. "दो संडे मैंने उनको फ़ोन तक नहीं किया, क्योंकि आपने कहा आराम कर रहे हैं. वो क्या सोच रहे होंगे?" मग थांबली. "आपको क्या चाहिए था, बाबा?"

मला जे हवं होतं ते हॉर्नांच्या आवाजात ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, "मला तिथे बसायचं होतं."

"तो बैठते! किसने रोका था?"

पुढच्या चौकापर्यंत चालून ती स्कूटरवर बसली, पण घरापर्यंत माझ्या खांद्याला धरलं नाही.

रविवारी जेवण झाल्यावर ती दारात उभी राहिली. "चलिए. आप ख़ुद बोलेंगे."

काका टेबलासमोर बसले होते. टेबलावर उशा रचून त्यावर कपाळ टेकलेलं, तोंड जमिनीकडे. मला त्यांची मान आणि मागचे पांढरे केस तेवढे दिसत होते. मी त्या मानेची माफी मागितली. सगळं पुन्हा सांगितलं.

"साहेब, बसा," उशीतून आवाज आला. "मला वर बघता येत नाही तेच बरं. तुम्ही मला तुमचं तोंड दाखवायचं वाचलात."

मुलगी फसकन हसली. मग काका म्हणाले, "वाईट केलंत पण. दोन आठवडे मान खाली घालून माणूस काय करतो? एकच गोष्ट घोळवत बसतो. पोरीला कंटाळा आला म्हणून." आणि मुलीला म्हणाले, "लाव ग तो सिनेमा. बघता नाही आला तर ऐकू. तू सांग काय दिसतंय ते."

तिने सिनेमा लावला आणि त्यांच्या खुर्चीला लागून बसली. कॅलेंडरचं ते पान आणि पेन माझ्या हातात दिलं. "मुझे बोलना है. ऐरो आप बनाइए."

आणि ती बोलू लागली. "आता बघा हं, काका. हा म्हातारा इंजिनियर आहे. कोट घातलाय. आता तो खुर्चीत बसला. हात ठेवला दांड्यावर. खोलीकडे बघतोय." ती मराठीत बोलत होती. मध्येच एखादा हिंदी शब्द यायचा, पण बाकी सगळं माझं होतं. हेल माझा, 'गेला बघा मागे' माझं, श्वास घ्यायची जागासुद्धा माझी. तिने हे कधी दुसऱ्या भाषेत ऐकलंच नव्हतं, म्हणून तिला मराठीतच येत होतं. दोन तासांत ती जेवढं मराठी बोलली तेवढं माझ्याशी कित्येक वर्षांत बोललेली नाही. आणि ते सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी कानात चाललं होतं. मी बाण काढत होतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. माफी मागून झाल्यावर मत्सर जातो असं मला वाटलं होतं. तसं होत नाही.

शेवटी तो इंजिनियर आपल्या लहानपणच्या घरासमोर उभा राहतो. खिडकीत त्याची आई दिवा लावताना दिसते. यंत्रात परतीपुरतीच शक्ती उरलेली असते आणि तीही संपत चाललेली. बराच वेळ कुणी काही बोलत नाही. मुलगीही बोलेनाशी झाली.

"काय चाललंय?" काकांनी विचारलं.

तिचे डोळे भरले होते. मी पटकन म्हणालो, "तो दारात उभा आहे..."

"साहेब, तुम्ही नको," काका म्हणाले. "ती सांगेल."

तिने बाहीने नाक पुसलं. "आत गेला, काका. दार लागलं. यंत्राचे दिवे गेले."

"मग? परत आला का तो?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. ती एकदा माझ्याकडे बघून पुन्हा पडद्याकडे वळली.

"नाही, काका. नाही आला."

"बरं," काका म्हणाले. मग म्हणाले, "पान बघ ग. साहेबांनी काय काढलंय?"

तिने पान माझ्या हातातून घेतलं. शेवटचा बाण मी मागे नेला होता आणि तिथून दुसरा पुढे आणला होता, आजपर्यंत. कधी काढला ते माझं मलाच कळलं नव्हतं.

"बाबा!" ती म्हणाली. पेन घेऊन तिने परतीच्या बाणावर काट मारली. तरीही ते पान तिने भिंतीवर बाकीच्यांच्या शेजारी लावलं आहे. ऑफिसला निघताना मी अजूनही पानं मोजतो. त्यातलं ते एक काट मारलेलं.