ओरडेल तो आपला

माझे काका एकोणचाळीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होते. कमरेला पट्टा, खिशात पक्कड आणि खांद्याला तपासणीचा फोन, एवढ्या सामानावर त्यांनी अर्धं शहर बोलतं ठेवलं. निवृत्त झाले तेव्हा काकू म्हणाली, "आता तरी पाय जमिनीवर ठेवा." काकांनी ठेवले, पण घरात नाही. रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत.

त्या खोलीत घरी जाणाऱ्या पेशंटसाठी वॉकर, कुबड्या, व्हीलचेअर असं सामान उसनं मिळतं. काका ते द्यायचे, परत घ्यायचे, पुसून ठेवायचे. पण "वॉकर आहे का?" एवढं विचारायला दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर दोन जिने उतरून यायच्या आणि "नाही" ऐकून तेवढेच चढायच्या. त्यांचे गुडघे आधीच दुखरे. काकांना ते बघवेना. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्यांनी एक जाडजूड पुस्तक आणलं आणि दोन वर्षं खपून एक स्क्रिप्ट लिहिली. वरच्या कॉम्प्युटरवर पान उघडलं की खाली काय काय शिल्लक आहे ते दिसायचं.

"स्क्रिप्ट म्हणजे सर्व्हरच्या आत बसलेला स्वयंपाकी," त्यांनी काकूला समजावलं. "मागणी आली की तो आत रांधतो आणि बाहेर फक्त ताट पाठवतो."

"म्हणजे मी रोज करते तेच," काकू म्हणाली. "आणि हे शिकायला तुम्हाला दोन वर्षं लागली?"

मग खोलीतला जुना कॉम्प्युटर कायमचा झोपला. एक्स-रे विभागाने त्यांचा एक वापरलेला दिला. काकांनी त्यावर आपला सर्व्हर आणि फायली नव्याने टाकल्या. नेमक्या त्याच आठवड्यात मोठ्या डॉक्टरांना जुन्या फायली ठेवायला जागा हवी झाली आणि त्यांची नजर काकांच्या खोलीवर गेली. "सोमवारी अकरा वाजता वर सिस्टरांच्या टेबलाशी येतो," ते म्हणाले. "तुमचं पान चाललं तर खोली तुमची. नाही तर किल्ली द्या."

सोमवारी सकाळी साडेआठला मला काकांचा फोन. "इंजिनीअरबाई, लगेच ये. ताटात जेवणाऐवजी कृतीचा कागद आलाय."

खरंच तसं होतं. पडद्यावर आकड्यांच्या जागी काकांच्या चारशे ओळी उघड्या पडल्या होत्या, त्यांनी स्वतःसाठी लिहिलेल्या सूचनांसकट. 'इथे एकदा तोंडावर आपटलो आहे, जपून.'

"सर्व्हर काढून पुन्हा टाकू," मी म्हटलं.

"तार कुठे तुटली ते कळायच्या आत खांब उपटणारी माणसं आमच्या खात्यातही होती," काका म्हणाले. "पुढे साहेब झाली सगळी."

काकांनी लाइनमनची रीत धरली, मधोमध तपासायचं आणि अर्धी लाइन बाद करायची. आधी नुसत्या मजकुराचं एक साधं पान ठेवलं. ते नीट दिसलं. म्हणजे सर्व्हर जागा होता आणि वायरही शाबूत होती. मग फक्त आजची तारीख सांगणारी एका ओळीची स्क्रिप्ट ठेवली. तारीख आली नाही, ती ओळच दिसली. म्हणजे चारशे ओळी निर्दोष सुटल्या. शेवटी तीच स्क्रिप्ट ब्राउझर टाळून, हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत थेट चालवली. तारीख आली!

"स्वयंपाकी ठणठणीत, सर्व्हर म्हणजे वाढपी, तोही ठणठणीत," काका म्हणाले. "दोघांचं बोलणं बंद आहे."

ते बोलणं सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. मी ती उघडली. अशा फायली स्वयंपाक्याकडे द्या, असं सांगणारी ओळ जागच्या जागी होती. मी ती तीन प्रकारे लिहून पाहिली. दर वेळी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काही फरक नाही. तेवढ्यात सिस्टर जिना उतरून आल्या. "मोठे डॉक्टर आलेत हो. तासाभरात वर येतील."

मी चौथ्यांदा तीच ओळ खोडू लागले. काका मात्र खुर्ची ओढून पुढे बसले. "सरक. एका पेटीत दोनशे तारा असायच्या. आपली कुठली, याचा अंदाज करत बसायचं नाही. एक तार सोडवायची. ज्याचा फोन बंद पडतो तो ओरडत येतो. ओरडेल तो आपला."

आणि त्यांनी सेटिंगच्या पहिल्याच ओळीत 'बोंबल' असं टाइप केलं.

"काका, अहो! आता सर्व्हर सुरूच होणार नाही."

"व्हायलाच नको."

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पान उघडलं. आधीसारखंच, चारशे ओळींसकट, मजेत.

"ओरडला नाही," काका हळूच म्हणाले. "अगं, आपण तासभर शेजाऱ्याच्या कानात सांगतोय."

मग मात्र मला सुचलं. चालू असलेल्या सेवांची यादी काढली, तर सर्व्हर दोन! एक्स-रेवाल्यांचा जुना, फोटो दाखवायला ठेवलेला सर्व्हर आधी उठून दार अडवायचा. आपला नंतर यायचा आणि दार बंद बघून मुकाट परत जायचा. त्या जुन्याचं पानं ठेवायचं फोल्डर आयतं दिसलं म्हणून काकांनी आपल्या फायली त्यातच ठेवल्या होत्या. त्याला स्वयंपाकी ठाऊकच नव्हता. मिळेल ती फाइल तो जशीच्या तशी वाढत होता.

काकांनी एक्स-रे विभागाला फोन लावला. "तो सर्व्हर ना? तो आम्ही केव्हाच बंद केलाय," तिकडून उत्तर आलं.

"बरं झालं सांगितलंत," म्हणत काकांनी तो बंद केला.

आता आपला सुरू केला, तर लाल अक्षरं. पहिल्या ओळीतला शब्द कळत नाही म्हणे. माझा चेहरा उतरला. काकांनी मात्र जोरात टाळी वाजवली. "ओरडला! ओरडला गं! हाच आपला!"

'बोंबल' पुसला, आपल्या सर्व्हरला फायलींचा पत्ता दिला, पान पुन्हा उघडलं. व्हीलचेअर तीन. कुबड्या सात जोड. वॉकर पाच.

अकराला पाच मिनिटं होती. "तूच जा वर," काका म्हणाले. "मी आलो तर इथे सामान कोण देईल?"

वर मोठ्या डॉक्टरांनी चष्मा सरसावून पान पाहिलं. "वॉकर पाच. हे काय, कुणीही सकाळी लिहून ठेवेल."

मी काही बोलणार तोच सिस्टरांनी पान ताजं केलं. वॉकर चार.

डॉक्टरांनी लगेच खाली फोन लावला. "काय केलंत आत्ता?"

"एक दिला," काकांचा आवाज बाहेरपर्यंत आला. "खिडकीतून बघा, फाटकाकडे निघालेत."

आम्ही तिघं खिडकीशी गेलो. खाली एक आजोबा नवं बिऱ्हाड थाटल्यासारखा वॉकर पुढे ठेवत, थांबत, पुन्हा ठेवत चालले होते. ते फाटकाबाहेर पडेपर्यंत डॉक्टर बघत राहिले.

"किल्ली राहू द्या तुमच्याकडे," ते फोनवर म्हणाले. "फायलींचं मी बघतो."

ते गेल्यावर सिस्टर खुर्चीत बसल्या. चपला काढून त्यांनी पाय स्टुलावर लांब केले आणि बसल्या जागेवरून फर्मावलं, "बघ गं, कुबड्या किती?"

"सात जोड."

"आणि व्हीलचेअर?"

त्यांना लागत काहीच नव्हतं.