आधी काय कराल?

धाकटी नर्सच्या परवान्याच्या परीक्षेत दोनदा आपटली, ती काही अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे. संसार जास्त झाला म्हणून. घरातली धाकटी सून, म्हणून चाळिशी उलटली तरी सगळ्यांची धाकटीच.

त्या परीक्षेत प्रश्न दिसायला साधे. रुग्णाला धाप लागलीय, फरशीवर पाणी सांडलंय, नातेवाईक ओरडतोय आणि टेबलावरचा फोन वाजतोय. नर्स आधी काय करेल? उत्तरं चार, चारही बरोबर, गुण मात्र एकालाच. धाकटीचं घोडं नेमकं इथेच पेंड खायचं. लग्न झाल्यापासून एका वेळी एकच काम तिने केलंय कुठे? एका हाताने उतू जाणारं दूध उतरवायचं, दुसऱ्याने लेकीची वेणी धरायची, पायाने दार लोटायचं आणि तोंडाने "आले, आले" म्हणायचं. आधी काय? आधी सगळंच!

आता ही तिसरी खेप, आणि शेवटची. यात आपटली की सगळं शिक्षण पुन्हा पहिल्यापासून, नाहीतर वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून जन्मभर चादरी बदलायच्या.

सरावाला रुग्ण हवा होता. सासरे तयारच होते. निवृत्त बस ड्रायव्हर, हाताला काम नाही आणि अंगात नाटक भिनलेलं.

"बाबा, आज तुमची साखर उतरलीय. घाम फुटलाय, हात थरथरतायत, असंबद्ध बडबडताय."

"बडबड रोजचीच. नवीन काय ते सांग."

"मग मी आधी काय करणार?"

"डॉक्टरला फोन."

"तोवर तुम्ही आडवे! शुद्धीत आहात, गिळता येतंय, म्हणजे आधी साखरेचं पाणी."

"मग दे की! नुसतं सांगतेस काय?"

एकदा धाप लागल्याचं सोंग करताना सासरे इतके रंगात आले, की खालचा सलूनवाला गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून जिना चढून आला. धाकटीने मात्र रुग्णाला आधी उठवून बसवलं आणि मगच सलूनवाल्याला आवरलं. तेव्हा सासऱ्यांनी धाप थांबवून शाबासकी दिली.

हळूहळू क्रम डोक्यात बसला. आधी श्वास. मग रक्त. मग पडायची-लागायची भीती. फोन, आरडाओरडा, रुसवेफुगवे रांगेत मागे.

आणि अशातच नणंदबाई आल्या. नवऱ्याची थोरली बहीण. त्या घर बदलत होत्या, आणि सामान हलवायचा दिवस नेमका परीक्षेचा.

"पहाटेच ये गं. भांडी तुझ्यासारखी कुणी भरत नाही."

"ताई, त्या दिवशी माझी परीक्षा आहे."

"परीक्षेचं काय, ती असतेच तुझी दरवर्षी."

नवऱ्याने वर्तमानपत्रात डोकं खुपसलं. तो वायरमन. दोन तारा एकमेकींना भिडल्या की आधी मेन स्विच पाडायचा, हे त्याला ठाऊक; पण या दोघींचा मेन स्विच कुठे असतो, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

धाकटीने शांतपणे विचारलं, "ताई, श्वास नीट चाललाय?"

"म्हणजे?"

"कुठे रक्त येतंय? चक्कर? छातीत दुखतंय?"

"मला काय धाड भरलीय!"

"मग थांबायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी हलवा, नाहीतर माझ्याशिवाय हलवा."

"मोठ्यांशी असं बोलतात?"

"नव्हते बोलत. म्हणून तर दोनदा नापास झाले."

कोपऱ्यात सासरे खोकले. तो खोकला अभ्यासक्रमातला नव्हता.

नणंदबाई फणकाऱ्याने गेल्या, पण दिवस काही त्यांनी बदलला नाही. नवरा बहिणीच्या शब्दाबाहेर नसल्यामुळे सामान उचलायला गेला आणि धाकटी एकटीच परीक्षेला. केंद्राच्या दारात फोन जमा करायच्या टोपलीपाशी ती पोचते न पोचते तोच नणंदबाईंचा फोन वाजला.

"अगं धाव! कपाट जिन्यात अडकलं, याचा हात चेमटला! असशील तशी ये!"

धाकटीचं पाऊल माघारी वळलंसुद्धा. मग ते तिथेच थांबलं.

"हात सुटला का? बोटं हलतायत? रक्त वाहतंय?"

"सुटला. हलतायत. रक्त नाही, पण सुजतंय गं!"

"आधी अंगठी काढा, सूज वाढली की निघणार नाही. मग हात उंच धरायला लावा, फडक्यात बर्फ गुंडाळून ठेवा आणि दवाखान्यात न्या."

"आणि तू?"

"मी परीक्षेला."

"नवरा मोठा की परीक्षा?"

"त्याला दवाखान्यात न्यायला तुम्ही आहात, ताई. परीक्षेला मात्र मीच लागते."

तिने फोन बंद केला, टोपलीत टाकला आणि आत गेली.

पास झाली, हे वेगळं सांगायला हवं का? नापास झाली असती तर ही गोष्ट तुम्हाला एव्हाना नणंदबाईंनीच ऐकवली असती, आणि तीही चांगली मीठमिरची लावून.